साडूच्या लेझरचा बोर्ड

गजेंद्र सरांच्या मनात आपल्या साडूबद्दल तिळमात्र असूया नव्हती. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगत. सकाळी दाढी करताना बायकोला सांगत, संध्याकाळी शेजारच्या दयारामला सांगत, आणि एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या, मलकापूरला निघालेल्या एका पूर्ण अनोळखी माणसालाही त्यांनी ते सांगितलं. तो बिचारा "बरं" म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून झोपला.

खरी गोष्ट अशी होती की सर जळत होते, आणि चांगले वर्षभर जळत होते.

सर बुलढाण्यात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. उंद्रीचे उत्तमराव हे त्यांचे सासरे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातली तेरा वर्षं ते त्या घरचे एकुलते एक जावई होते. त्या तेरा वर्षांत उंद्रीच्या घरात मोटरचा स्टार्टर बिघडो, मिक्सर बिघडो की टीव्हीचा रिमोट बिघडो, सासूबाई तानुबाई एकच वाक्य बोलायच्या, "हात नोका लावू कोनी. जावई येऊ द्या." कॉलेजने सरांना दोनदा आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र दिलं होतं, पण खरं प्रमाणपत्र ते हे मानत.

मग धाकट्या काजलचं लग्न झालं आणि कुलदीप आला. कुलदीपचं चिखलीला मोबाईलचं दुकान होतं, अंगात नवा टीशर्ट असायचा, आणि दुकानात लाकडावर नावं कोरायचं लेझरचं मशीन होतं. पहिल्याच दिवाळीला त्याने सासऱ्यांना सागवानी पाटी आणली. तीवर 'उत्तम निवास' असं कोरलेलं, बाजूला दोन मोर. उंद्रीच्या दारावर तोवर जी पाटी होती ती सरांनी स्वतः, लग्नाच्या पहिल्या वर्षी, ऑइलपेंटने रंगवून दिलेली होती. पुढच्या खेपेला सर गेले तेव्हा ती त्यांना रांजणावर झाकण म्हणून दिसली. सरांनी तिथलं पाणी प्यायचं सोडलं. चांगलं पन्नास मीटर लांब, हातपंपावर जाऊन ते पाणी पिऊ लागले, आणि विचारलं तर सांगत, "हातपंपाचं पाणी पचायला हलकं असतं."

यंदाच्या वैशाखात काजलचा फोन आला. मशीन बंद पडलं होतं. सरांनी काळजीच्या आवाजात सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "राखी, एक भाकर आणखी टाक."

जेवण झाल्यावर त्यांनी मोठेपणाने कुलदीपला स्वतः फोन केला. निदान सोपं होतं. लेझरचा डायोड हा नाजूक प्राणी; त्याला वीज मापातच द्यावी लागते. थोडी जास्त गेली की डोळ्याची पापणी लवायच्या आत मरतो. ती मापात देण्याचं काम ड्रायव्हर नावाचा एक छोटा बोर्ड करतो, आणि कुलदीपच्या मशीनचा तो बोर्ड जळाला होता.

"नवा मागवला तं बावीस-पंचवीस दिवस लागतात दादा," कुलदीप म्हणाला. "आन् महाग बी लय हाये."

"अरे, हात्तीच्या!" सर म्हणाले. "त्यात काय आहे एवढं? मी बनवून देतो. दोनशे रुपयांत. काडेपेटीएवढा."

हे सर का बोलले, ते सरांना आजतागायत सांगता आलेलं नाही. जिभेवर मोठेपणा इतका आला होता की तो कुठेतरी सांडणारच होता. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं की कुलदीपचं बंद पडलेलं, गपगार, देवाच्या कृपेने मेलेलं मशीन आपण आपल्या हाताने जिवंत करून देणार आहोत.

दोन दिवसांनी त्यात भर पडली. यंदा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा. तानुबाईंनी दोन्ही जावयांना अधिकातल्या दुसऱ्या रविवारी धोंडे खायला बोलावलं, आणि कुलदीपने जाहीर केलं की तो मशीन उंद्रीलाच घेऊन येणार आणि जावयांना बसायच्या पाटांवर सगळ्यांदेखत नावं कोरणार. उत्तमरावांनी ते बघायला निम्मी भावकी बोलावली. म्हणजे बोर्ड चालला तर टाळ्या कुलदीपला आणि नाही चालला तर फजिती सरांची. सरांनी या गणिताचं उत्तर तीन-चार प्रकारे काढून पाहिलं, दरवेळी तेच आलं.

कामाला सुरुवात करायची तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय आणि मीटर सुट्टीपुरता घरी न्यायला हवा होता. सरांनी अर्ज लिहिला. 'प्रयोजन' या रकान्यात प्रामाणिकपणे 'लेझर ड्रायव्हर' असं लिहिलं. प्रामाणिकपणाचे दुष्परिणाम सर वर्गात शिकवत नसत, त्यामुळे त्यांना ते माहीत नव्हते. कारकून राजकुमारने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"सर, लेझर म्हंजे त्या मिरवणुकीतल्या लायटी ना? त्याच्यावर बंदी हाये. पोलिसायचं पत्र आना, मंग देतो."

सर ठाण्यात गेले. हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वही उघडली. "मिरवनूक कई हाये?"

"मिरवणूक नाही."

"मंग लेझर कोठी लावता?"

"पाटावर. लाकडी पाटावर. सासुरवाडीला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "सर, लोकं मिरवनुकीत लेझर लावाची परवानगी मागाले येतात आन् आमी नाई म्हनतो. तुमची मिरवनूकच नाई, तं मी नाई कायले म्हनू?"

सर परत आले आणि नवा अर्ज लिहिला. प्रयोजन : भौतिकशास्त्र. पाच मिनिटांत सामान मिळालं, वर राजकुमारने ते रिक्षात ठेवून दिलं.

आता शेजाऱ्यांचं. दयाराम वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. जगातल्या सर्व दुःखांचं मूळ आर्थिंग नीट नसण्यात आहे असं त्याचं ठाम मत. सर टेबलावर काहीही मांडून बसले की तो खिडकीतून डोकावून विचारायचा, "सर, आर्थिंग देल्लं का?" सरांनी त्याला दोनदा समजावलं की बारा व्होल्टच्या एवढ्याशा बोर्डाला आर्थिंग लागत नाही. दयाराम दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "माहे साहेब बी असेच म्हनत." पुढे त्या साहेबांचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या केसरबाईंच्या भाच्याचा मुतखडा औरंगाबादला लेझरने काढला होता, त्यामुळे त्यांच्या अपेक्षा वेगळ्या होत्या. "सर, माह्या मानीवर ही चामखीळ हाये पाहा. पाटाचं झालं का मंग येवढी काढून देजा."

बोर्डाची आखणी मात्र सरांनी झकास केली होती. एक चिप, एक कॉइल, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर. सगळं मिळून अर्ध्या काडेपेटीत. आता ती आखणी तांब्याच्या पत्र्यावर उतरवायची म्हणजे गुळगुळीत कागदावर झेरॉक्स काढायची आणि इस्त्रीने ती पत्र्यावर दाबायची. घरात होते नव्हते ते सगळे गुळगुळीत कागद वापरून झाले, एकही रेघ धड उमटेना. शेवटी कपाटात एकच गठ्ठा उरला, तो म्हणजे कुलदीपच्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रकं. सरांनी एक दिवस त्या गठ्ठ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. पहिल्याच पत्रकावर आखणी अशी उमटली की छापखान्याने मान खाली घालावी. 

इस्त्री झाली की पत्रा फेरिक क्लोराईडमध्ये टाकायचा, म्हणजे रेघा सोडून बाकीचं तांबं विरघळतं. यासाठी प्लास्टिकचं भांडं घ्यावं लागतं. पण प्लास्टिकचा टब सापडेना म्हणून सरांनी मांडणीवरचं स्टीलचं पातेलं घेतलं. रसायनशास्त्र हा सरांचा विषय नव्हता, आणि खरं तर रसायनशास्त्राला ते विषय मानतही नसत. तासाभराने तांबं जसंच्या तसं होतं आणि पातेल्याला बुडाशी भोकं पडून ओटाभर तपकिरी ओघळ गेले होते.

"अहो, हे काय करून ठेवलं?" राखी ओरडली. "आईनं लग्नात देल्लं होतं ना ते! आता आईले मी काय सांगू?"

सरांनी पातेलं उलटं करून पाहिलं. बूड गेलं होतं, पण काठावर ठोकून कोरलेली अक्षरं ठणठणीत होती: 'सौ. तानुबाई उ. यांजकडून'. सरांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. आपल्याकडे वाटीसुद्धा नावाशिवाय कोणी कोणाला देत नाही. चमच्यावर नाव, तांब्यावर नाव, आणि आपण इतका मोठा बोर्ड देणार तो बिननावाचा? मशीन कुलदीपचं असेल, पण त्याचं काळीज आपलं असणार आहे. मग काळजावर नाव पाहिजे. सरांना एकदम हलकं वाटलं. ओटा पुसायलाही त्यांनी मदत केली.

त्यांनी आखणी पुन्हा मांडली. उरलेल्या अर्ध्या काडेपेटीत तांब्याच्याच ठसठशीत अक्षरांत 'गजेंद्र'. इतक्या छोट्या जागेत इतकं मोठं नाव बसवायला त्यांना चार दिवस लागले. चिप बसवायला एक लागला होता. दुसरा बोर्ड तयार झाला तो उलटा. इस्त्री करण्याआधी आखणी आरशातल्यासारखी छापायची असते हे सर विसरले होते. नाव फक्त आरशात वाचता येत होतं आणि चिपचे पाय सगळे चुकीच्या दारात. तिसरा बोर्ड मात्र जमला. सरांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला डायोड जोडला, भिंतीवर लाल ठिपका पडला आणि मीटरचा काटा दोन तास जागचा हलला नाही. दयाराम खिडकीतून बघत होता. "चालला तं हाये," तो म्हणाला, "पन आर्थिंगबिगर."

इथे सरांनी थांबायला हवं होतं. पण शनिवारी बोर्ड डबीत ठेवताना त्यांना वाटलं, तांब्याची अक्षरं जरा मंद दिसतात. उद्या कोणी मशीनचा डबा उघडला तर नाव डोळ्यांत भरलं पाहिजे. म्हणून त्यांनी सोल्डरिंगची गरम कांडी घेतली आणि नावावर कथील फिरवलं. अक्षरं चांदीची झाली. मग शिरोरेषा जरा आखूड वाटली, तीही दोन्हीकडून थोडी लांबवली. नावाला कशी भारदस्त लांबी आली. पुन्हा तपासून पाहायची गरज त्यांना वाटली नाही. नाव तर नावच होतं, त्यात तपासायचं काय?

रविवारी चिखलीला एसटी बदलून सर आणि राखी उंद्रीला पोचले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती आणि पुरणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. कुलदीप धावत आला आणि भर ओसरीत सरांच्या पाया पडला.

"दादा आले, आता मले टेन्शन नाई!"

हेच ते. माणूस जरा उर्मट असता, निदान थोडा बढाईखोर असता, तर सरांना किती सोपं गेलं असतं. पण कुलदीपमध्ये ती सोयच नव्हती. सरांनी डबी काढून दिली. कुलदीपने बोर्ड उजेडात धरला आणि त्याचा चेहरा खुलला. "वा दादा! नाव बी टाकलं? हे पाहा मामा—"

"डबा बंद कर बे पयले," उत्तमराव म्हणाले, "पोरायले शॉक लागन."

कुलदीपने बोर्ड मशीनच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, चार स्क्रू आवळले आणि झाकण लावलं. चार दिवसांचं नाव सव्वा सेकंदात आत गेलं. खाली नवाकोरा पाट ठेवला. बटण दाबलं. अडॅप्टरचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा लुकलुकला, पुन्हा विझला.

"थापटून पाहा ना," मागून कोणीतरी म्हणालं. "लायटीले दाब नसन," दुसरं कोणी म्हणालं. तानुबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भावकीची पंचवीस-तीस डोकी सरांकडे वळली.

सरांना कारण त्याच क्षणी कळलं. लांबवलेल्या शिरोरेषेचं एक टोक डब्याच्या स्क्रूला, म्हणजे मायनसला, टेकलं असणार आणि दुसरं प्लसच्या टाक्याला. आपल्या नावामुळे शॉर्ट झाला होता. आणि त्याच क्षणी त्यांना हेही कळलं की हे इथे आपल्याशिवाय दुसऱ्या कोणालाही कळणं शक्य नाही. 'डायोड गेला रे तुझा' एवढंच म्हणायचं. चार शब्द. बोर्ड निर्दोष, सर निर्दोष, आणि मशीन कायमचं बंद. त्यांच्या मनात इतका थंडावा पसरला की कूलरचीही गरज वाटेना. त्यांनी घसा साफ केला.

"मामा," कुलदीप मध्येच म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बोर्डात चूक नाई. दादानं बनवला म्हंजे तो नंबर एकच असन. माह्याच मशीनीत काई बिघडलं असन. दादाले नोका तरास देऊ."

सरांना उभ्या आयुष्यात कोणाचा इतका राग आला नव्हता. खोटं बोलायची एवढी सुंदर संधी, आणि ते खोटं या माणसाने स्वतःच बोलून टाकलं. आता तेच आपण बोललो तर ते खोटंही धड वाटणार नाही, नुसता हलकटपणा वाटेल. काजल भिंतीला टेकून उभी होती, रडायच्या बेतात.

"मामा," सर म्हणाले, "दाढीचं ब्लेड आहे का? चूक बोर्डातच आहे. माझीच आहे."

उत्तमरावांनी ब्लेड आणून दिलं. सर ओसरीच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि भावकी त्यांच्याभोवती वाकून उभी राहिली. आधी त्यांनी शिरोरेषा कापली, दोन्ही टोकांना थोडी-थोडीच, जीव वर-खाली होत. बोर्ड बसवला. दिवा लुकलुकला, विझला. कथील जास्त झालं होतं. 'द्र'ची शेपटी शेजारच्या रेघेला चिकटली होती. 'द्र' खरवडला. पुन्हा विझला. मग 'ज' गेला, आणि जाताना मात्रा घेऊन गेला. एकेक अक्षर निघताना भावकीतला एक म्हातारा मोठ्याने सांगत होता, "गेला. हा बी गेला." शेवटी उरलेल्या 'ग'चं सरांनी जवळजवळ मिनिटभर संरक्षण केलं, पण त्याचा काना कपॅसिटरच्या पायाला लागत होता. तोही गेला. बोर्डावर अनुस्वार तेवढा राहिला. तो कोणाच्याच वाटेत येत नव्हता.

बटण दाबलं. निळा उजेड पडला, लाकडाच्या जळक्या वासाचा एक बारीक धूर वर आला, आणि यंत्राचं डोकं पाटावर सरसर सरकू लागलं. ओसरीत टाळ्या सुरू झाल्या. पहिला मान मोठ्या जावयाचा म्हणून कुलदीपने पहिल्या पाटावर त्यांचंच नाव लावलं होतं: गजेंद्र. शिरोरेषा सरळ, वळणं गोल, 'द्र' असा देखणा की स्वतः सरांनाही कधी तसा काढता आला नव्हता.

तानुबाईंनी पाट उचलून सगळ्यांना दाखवला. "कुलदीपचं अक्षर पाहा वं माय! मोत्यासारखं!"

"मामी, ते अक्षर कॉम्प्युटरचं आहे," सर म्हणाले.

"मामी, बोर्ड दादाचा हाये," कुलदीपही म्हणाला, प्रामाणिकपणे, दोनदा.

"कोनता बोर्ड?" उत्तमरावांनी विचारलं.

"आतला."

"आतलं कोन पाह्यते बाप्पा," उत्तमराव म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसरा पाट कोरायला घ्यावा तर लाईट गेली. पंगत मांडली. दोन पाट शेजारी-शेजारी, समोर ताटं, ताटांत तूप सोडलेले धोंडे, बाजूला तेहेतीस अनारशांची परडी. कुलदीपच्या पाटावर काहीच कोरलेलं नव्हतं. तो ऐसपैस मांडी घालून बसला. सर आपल्या पाटाजवळ उभे राहिले. नाव दारातून येणाऱ्या उजेडात स्वच्छ वाचता येत होतं, आणि पंगतीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. सर उभेच राहिले.

"बसा ना जावईबापू," तानुबाई म्हणाल्या, "निवून जाईन."

सर बसले, पण उजवीकडे सरकून, अगदी कडेला, निदान पहिलं अक्षर तरी उघडं राहील अशा बेताने. एक मांडी पाटावर, एक जमिनीवर, अशा अवस्थेत त्यांनी पहिला घास उचलला. पाटाची डावी बाजू हळूच वर आली.

"नीट मधात बसा वो जावईबापू," तानुबाई वाढता वाढता म्हणाल्या, "उलटून पडसान."

सर मधात सरकले.